फ्रिजचा नियम

डॉ. उल्हास देवधरांनी दोन फ्लॉप्या टेबलावर शेजारी-शेजारी ठेवल्या.

"ही तुझी, असिस्टंटशिपच्या इंटरव्ह्यूला दिलेली," ते म्हणाले. "आणि ही इव्हनिंग कोर्सच्या एकोणीस नंबरची. दोन्ही प्रोग्राम प्रत्येक पायरीचं उत्तर आधी डिस्कवर लिहितात आणि मगच पुढे सरकतात. मी हे शिकवलेलं नाही. शहाणा माणूस असं करतही नाही. प्रोग्राम बैलगाडी होतो."

"मी कोणाला काही दिलेलं नाही, सर," मुनिबा म्हणाली.

"नसशीलही. मग डीनना काय सांगू? योगायोग?"

योगायोगावर मुनिबाचाही विश्वास नव्हता. इव्हनिंग कोर्सच्या फ्लॉप्या तपासणं हे तिचं काम होतं. दोन्ही तुकड्यांचे वर्ग देवधर स्वतः घेत. तिने विद्यार्थी पाहिलेलेही नव्हते. फ्लॉपीवर फक्त नंबर असे. नावांचं पाकीट मार्क लागल्यानंतरच उघडायचं, हा विद्यापीठाचा नियम होता.

"मला चोर नको," देवधर म्हणाले. "दार कुठून उघडलं, ते हवंय. ते कळलं नाही तर पुढच्या टर्मला तुझी असिस्टंटशिप राहणार नाही."

असिस्टंटशिप गेली की एम.एस.ही जाणार होतं. ते दोघांनाही ठाऊक होतं.

दार कुठलं, हे मुनिबाला मात्र ठाऊक होतं.

ती चौथीत असताना, एक्क्याण्णव साली, तिच्या वडिलांनी, इद्रीसने, आपल्या शिपिंग ऑफिसने मोडीत काढलेला एक कॉम्प्युटर शारजाच्या रोला भागातल्या फ्लॅटवर आणला. स्वयंपाकघरातल्या ज्या एका सॉकेटवर तो चाले, त्याच सॉकेटवर फ्रिज होता. कॉम्प्रेसर सुरू झाला की व्होल्टेज घसरे आणि पडदा काळा होई. फ्रिज बंद ठेवणं शक्य नव्हतं. त्या उकाड्यात सुरमई दुपारपर्यंतही टिकली नसती. तेव्हा मुनिबाने प्रोग्रामलाच शिस्त लावली: जेवढं झालं तेवढं आधी फ्लॉपीवर ठेवायचं आणि पुन्हा सुरू झाल्यावर तिथूनच पुढे जायचं. यात प्रतिभा नव्हती, नाइलाज होता.

शिकवायला कोणी नव्हतं. एक मॅन्युअल होतं. तिची अम्मी शहरबानू तांदूळ निवडता निवडता त्यातल्या ओळी एकेक अक्षर करून वाचून दाखवी आणि मुनिबा त्या टाइप करी. अम्मीने अर्थ कधी विचारला नाही. तिचा एक कान फ्रिजकडे असे. आत कट् असा आवाज झाला की ती म्हणे, "आला गो. ठेव." धाकटा भाऊ हम्माद शेजारच्या स्टुलावर बसून, गेम खेळायला आपली पाळी कधी येते, याची वाट पाही.

पुढे शाळेतली बक्षिसं आली, पदवी आली, आणि आता सगळ्या विभागातली सर्वांत तरुण टीचिंग असिस्टंट ती होती. घरातला फ्रिज केव्हाच बदलला होता. सवय बदलली नव्हती.

तिच्या हिशेबाने तो नियम माहीत असलेली माणसं जगात दोनच होती. एक ती स्वतः. दुसरा हम्माद, जो दिवसा दुबईच्या देरा भागातल्या मोबाइलच्या दुकानात बसे आणि संध्याकाळी याच कोर्सच्या उशिराच्या तुकडीला जाई.

"आय डिडंट कॉपी, आपा," हम्माद म्हणाला. घरी भिंतीला टेकून तो वडापाव खात होता.

"तुझा नंबर काय?"

"सांगायचा नसतो. रूल आहे तुमचाच."

"शाळेत माझ्या वह्या कोण उतरवून काढायचं?"

"तेव्हा पास व्हायचो. आता कॉपी केली असती तर प्रोग्राम निदान चालला तरी असता. माझा सुरूच होत नाही, वल्ला, शपथेवर सांगतो."

शहरबानू दारात चपला घालत होती. तिच्या खांद्याला शिवणक्लासची हिरवी पिशवी होती.

"अम्मी, तू तरी सांग हिला," हम्माद म्हणाला. "आणि हे बघ, इतके दिवस क्लासला जातेस, माझ्या पँटची चेन अजून तशीच आहे."

"चेन शेवटी शिकवतात," शहरबानू म्हणाली. मग ती मुनिबाकडे वळली. "पोराला का टोचतेस गो? त्या तुझ्या सरांना म्हणावं, समोर बसवून विचारा. ज्याने लिहिलं असेल त्याला बोलता येईल. ज्याने उचललं असेल तो घाम पुसेल."

सूचना तर्काला धरून होती. मुनिबाने ती दुसऱ्या दिवशी देवधरांसमोर मांडली. कोणी सुचवली, ते सांगितलं नाही. देवधरांनी सूचनाफलकावर एकोणीस नंबरला तोंडी परीक्षेचं बोलावणं लावलं.

परीक्षेच्या संध्याकाळी मुनिबा लॅबमध्ये दाराकडे पाठ करून बसली. फ्लॉपी मशीनमध्ये घालणं एवढंच तिचं काम होतं आणि भावाचा चेहरा पाहण्याची तिची इच्छा नव्हती. हम्मादने कबूल केलं, तर तिची असिस्टंटशिप वाचणार होती आणि त्याचा कोर्स संपणार होता. या समीकरणाचं तिला मान्य होईल असं उत्तर नव्हतं.

दार उघडलं. खुर्ची सरकली.

"हं," देवधर म्हणाले. "एकोणीस नंबर तुमचा?"

उत्तर ऐकू आलं नाही. बहुधा मान हलली असावी.

"या लूपमध्ये काय चाललंय?"

उत्तर हळू आवाजात पण न अडखळता येऊ लागलं. मुनिबाची बोटं कीबोर्डवर थांबली.

"ठीक," देवधर म्हणाले. "प्रोग्राम तुमचाच आहे, यात मला शंका उरली नाही. आता एकच सांगा. प्रत्येक पायरीला डिस्कवर का लिहिता?"

हिरवी पिशवी मुनिबाच्या कोपराशेजारी टेबलावर आली. तिच्यात फ्लॉप्यांचा डबा होता आणि कोपरे झिजलेलं ते जुनं मॅन्युअल.

"फ्रिज कधी सुरू होईल याचा नेम नसतो, सर," शहरबानू म्हणाली.