सासूबाईंचे उत्तर

गतवर्षीच्या मार्गशीर्षात, मौजे लासुर्णे, तालुका इंदापूर येथे, नणंदेची सोयरीक मोडू नये म्हणून राजलक्ष्मी सासूबाईंच्या सांगण्यावरून क्षयाची औषधे लपूनछपून घेत होती. बी.एड. पुरे होईपर्यंत मूल नको, म्हणून सासूबाईंसह ती बारामतीला गर्भनिरोधक गोळ्या आणायला गेली.

"दुसरे काही औषध चालू आहे?" डॉक्टरीणबाईंनी विचारले.

उत्तर सासूबाईंनीच दिले, "न्हाय वो, सून ठणठणीत हाय आमची."

फाल्गुनात दिवस राहिले, तेव्हा खरे सांगावे लागले. क्षयाच्या औषधाने या गोळ्या निष्प्रभ होतात, हे डॉक्टरीणबाईंनी दोघींनाही समजावले. राजलक्ष्मीचे कॉलेज सुटले.

नणंदेच्या हळदीत चुलतसासूने कारण विचारले.



सासूबाई म्हणाल्या, "गोळ्या हिनंच चुकवल्या. शिकायचंच न्हवतं तिला."