न जुळणारं कार्ड

"मावशी, आमच्या सॉफ्टवेअरला व्हिडिओ कार्ड काही जुळेना. चेहरा अजून झाला नाही," प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञाने याही सोमवारी तेच पालुपद लावलं. नदीकाठी सापडलेल्या कवटीवर कॉम्प्युटरमध्ये चेहरा चढवणं हे त्याचं काम. मुलगा हरवलेली ही बाई तीन महिने खेटे घालत होती.

आज तिने एक चिठ्ठी पुढे केली. "दुकानात विचारून आले. तुमच्या सॉफ्टवेअरला हे कार्ड चालतं म्हणे."

नाव वाचून त्याची नजर टेबलाच्या खणाकडे गेली. तेच कार्ड मशीनमध्ये कधीचं बसलं होतं, आणि तिच्या मुलाचा हुबेहूब चेहरा छापून खणात पालथा ठेवलेला होता.

"दुकानदार म्हणाला, हे तुम्ही केव्हाच नेलंय." तिने चिठ्ठी परत पिशवीत कोंबली. "पुढच्या सोमवारीही जुळत नाही असंच सांग, बाबा."