गाळलेली दोन पानं

"थांब," सासूबाई म्हणाल्या. "किल्ली त्याच्या खिशात कशी आली?"

सुनेनं पुस्तकातून मान वर केली नाही. "कुठली किल्ली, आई?"

"दीपगृहाची. आत्ता तर ती नर्सच्या गळ्यात होती, साखळीत अडकवलेली. कप्तान जिना चढून वर आला, तू पान उलटलंस आणि लगेच सकाळ झाली. किल्ली थेट कप्तानाच्या खिशात! मधली पायरी गाळलीस तू."

सासूबाईंचा सगळा जन्म शाळेत गणित शिकवण्यात गेला होता. निवृत्त झाल्या तरी पायरी गाळणाऱ्याला त्यांच्याकडे माफी नव्हती. सध्या त्यांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं. त्यावर पट्टी, दुसरा डोळा आधीच अधू, वाचायला डॉक्टरांची सक्त मनाई. आणि नेमकं त्याच आठवड्यात त्यांच्या लाडक्या लेखिकेचं नवं पुस्तक आलं. प्रेम आणि खून एकाच पुठ्ठ्यात बांधणारी बाई ती! तिच्या पुस्तकासाठी सासूबाई जेवण विसरायच्या. मुलाला वाचायला बसवलं, तर तो विजेचं बिल वाचल्यासारखा वाचायला लागला. म्हणून मग सून.

आणि सुनेनं खरंच गाळलं होतं. एखादी ओळ नव्हे, चांगली दोन पानं. त्यात कप्तान नर्सला जिन्यात गाठतो, आणि पुढं जे काही होतं ते सासूसमोर मोठ्यानं वाचायचं म्हणजे... छे! शिवाय कोपऱ्यात सासरे मटार सोलत बसलेले. खरं तर मटार केव्हाच संपले होते. ते आता सोललेल्याच शेंगा पुन्हा उघडून बघत होते.

"तिथं काही विशेष नाहीये हो, आई. नुसतं वर्णन आहे. समुद्राचं वगैरे."

"समुद्राचं वर्णन करायला ती काय भूगोलाचं पुस्तक लिहितेय? अगं, ही बाई पुरावा नेहमी तिथंच लपवते. बाकीचे मारामारीत लपवतात, ही मिठीत लपवते. लोक लाजून भराभर पानं उलटतात आणि शेवटी कपाळावर हात मारून घेतात. वाच."

"बाबा बसलेत ना," सून पुटपुटली.

"अहो, तुम्ही जरा बाहेर फिरून या बघू."

"मी कामात आहे," सासरे म्हणाले आणि आणखी एक रिकामी शेंग उचलली.

सुनेला घाम फुटला. लग्नाला जेमतेम चार महिने झाले होते. माणसं चांगली होती घरातली, पण सासूबाईंशी तिचं बोलणं म्हणजे दूध आलं का आणि गॅस बंद केलास का, बस. त्यापुढं गाडी कधी गेलीच नव्हती. गेल्या आठवड्यापासून मात्र ऑफिसातून घरी येताना तिची पावलं भरभर पडायला लागली होती. रोज नवा संशयित, रोज नवा वाद. तिला ते फार फार आवडायला लागलं होतं. आणि धास्तीही होती. पट्टी निघाली की सासूबाई आपलं आपण वाचणार. मग पुन्हा दूध आणि गॅस.

तिनं पानं मागं उलटली आणि वाचायला सुरुवात केली.

"मोठ्यानं. शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेलं पाहिजे."

सुनेनं आवाज चढवला. कान लाल झाले होते, होऊ देत म्हणाली. "कप्तान दोन पायऱ्या वर आला. तिचा श्वास अडकला. त्यानं तिचा चेहरा ओंजळीत घेतला आणि..."

"थांब! ओंजळीला हात किती लागतात?"

"दोन."

"आणि याचा डावा हात?"

सुनेनं कपाळावर हात मारला. कप्तानाचा डावा हात पहिल्या प्रकरणापासून प्लॅस्टरमध्ये होता.

"सोंग आहे सगळं!" सासूबाईंनी मांडीवर थाप मारली. "दोन्ही हात धडधाकट आहेत मेल्याचे. त्याच हातांनी साखळी सोडवली. खुनी तोच!"

"नाही हं, आई!" सून एकदम बोलून गेली. "खुनी नाही तो. पोलीस आहे, सोंग घेऊन आलाय."

"कशावरून?"

"अहो, खुन्यावर ही बाई इतकी गोड दोन पानं खर्च करील का?"

मग सासूबाई हसायला लागल्या. खांदे गदगदा हलेपर्यंत हसल्या. सुनेनं त्यांना असं हसताना कधी पाहिलं नव्हतं.

"मला पटतंय हिचं," कोपऱ्यातून सासरे म्हणाले.

तेवढ्यात दार उघडून मुलगा आत आला. "आई, खुशखबर! डॉक्टरांना भेटून आलो. उद्या पट्टी काढणार. दुसऱ्या डोळ्याचे रिपोर्टही बघितले त्यांनी, नवा चष्मा लावून उद्यापासून तू खुशाल वाच म्हणाले."

सुनेचा चेहरा उतरला. तिनं पानात खूण घातली आणि पुस्तक सासूबाईंच्या उशाशी ठेवलं. "बरं झालं, आई," ती म्हणाली आणि उठायला लागली.

सासूबाईंनी चाचपडत पुस्तक उचललं आणि परत तिच्या मांडीवर ठेवलं. "बस गं. डॉक्टरला काय कळतंय? डोळा दुखतोय माझा अजून."

"अगं, पट्टी काढा म्हणून तूच तर रोज डोकं खात होतीस!" मुलगा म्हणाला. "आणि किती दिवस दुखणार आहे तो? हे पुस्तक संपेपर्यंत?"

सासूबाईंनी बसल्या जागेवरून भिंतीतल्या कपाटाकडे हात केला. वरच्या फळीपासून खालच्या फळीपर्यंत सगळी त्याच बाईची पुस्तकं होती.

"ती सगळी संपेपर्यंत," त्या म्हणाल्या.