ओलांडणारे किती?

घरासमोरच्या रस्त्यावर सिग्नल द्या म्हणून श्यामसुंदर आपटे दोन वर्षं वाहतूक खात्याच्या साहेबांकडे खेटे घालत होते आणि "तिथे रस्ता ओलांडणारे आहेतच किती?" असं विचारून साहेब त्यांना वाटेला लावत होते. मग सरकारने विनाचालक गाडीची चाचणी धायरीच्या नेमक्या त्याच रस्त्यावर ठेवली. समोर माणूस दिसला की गाडी आपोआप थांबते, हे पेपरात वाचून आपट्यांनी बऱ्याच दिवसांनी चहा दुसऱ्यांदा मागितला.

चाचणीच्या सकाळी साहेब मंत्रालयातल्या पाहुण्यांना घेऊन गाडीत बसले. आपटे रस्त्यात उतरले, गाडी थांबली. ते पलीकडे पोचले आणि गाडी हलते न हलते तोच परत फिरले.

"अहो काका, एकदाच काय ते ओलांडा ना!" साहेब काच खाली करून ओरडले.

"पिशवी राहिली हो घरी."

मग छत्री राहिली. मग चष्मा, जो नाकावरच होता. मागे हॉर्न सुरू झाले, पाहुणे घड्याळ बघू लागले, साहेबांना घाम फुटला.



तेव्हा कुठे आपट्यांनी फुटपाथकडे वळून, याच रस्त्यावर खुबा मोडलेल्या बायकोला हाक मारली, "नीरजा, टाक वॉकर पुढे, अगदी सावकाश ये गं, आज मंत्रालय थांबलंय."