फाटकापाशीच्या गाण्याला उत्तर

गाणं संपलं तरी एमेट टॅकेट रेडिओकडे डोळे वटारून बघत होता. त्याची बायको ओपल समोर शेंगा सोलत बसली होती.

"ऐकलंस?"

"ऐकलं की. बरी गाते बाई."

"त्यातला नवरा टोपी जेवणाच्या टेबलावर ठेवतो. रेडिओवर स्वतःचा आवाज लागला की बायकोला गप्प बसवतो."

"असतात असे नवरे," ओपल म्हणाली आणि शेंगा घेऊन आत गेली.

टेबलावरची टोपी एमेटने गुपचूप मांडीवर घेतली.

गाण्यांच्या धंद्यावर जगणाऱ्या नॅशव्हिल गावाची रीतच होती ती. पुरुषाचं गाणं गाजलं की थोड्याच दिवसांत एखाद्या बाईच्या आवाजात त्याचं उत्तर बाजारात यायचं. एमेटचं 'फाटकापाशी' त्या वर्षी टेनेसीभर वाजत होतं. दुसऱ्याच्या बायकोला 'ये निघून, मी फाटकापाशी उभा आहे' म्हणून विनवणाऱ्या माणसाचं गाणं. तेव्हा उत्तर येणार हे ठरलेलंच. पण त्या उत्तरात एमेटचं स्वयंपाकघर कुठून आलं? तबकडीवर गीतकार म्हणून कुणा जे. कॉबचं नाव होतं. हा कॉब घरात शिरला कधी? एमेट तर महिन्यातले निम्मे दिवस दौऱ्यावर. मनात शंकेची पाल चुकचुकली आणि त्या रात्री त्याला घास गोड लागला नाही.

सकाळी त्याने वेंडेलला गाडी काढायला लावली. वेंडेल त्याच्या बँडमध्ये स्टील गिटार वाजवायचा. अबोल, नाकासमोर चालणारा माणूस. 'फाटकापाशी' खरं तर त्यानेच लिहिलेलं, पण ते त्याने एमेटला गीतकाराच्या नावासकट विकून टाकलं होतं. असे व्यवहार त्या गावात सर्रास चालत आणि त्याबद्दल कुणी बोलत नसे. एमेटने ओपललाही सांगितलं नव्हतं. नवऱ्यानेच लिहिलंय असं तिला वाटलं, तर बिघडलं कुठे?

"सोड ना," वेंडेल म्हणाला. "गाणंच तर आहे."

"तुझं लग्न झालेलं नाही, तुला काय कळणार? सापडू दे तो कॉब, दात घशात घालतो त्याचे."

वेंडेल समोरच्या रस्त्याकडे बघत राहिला.

ते उत्तराचं गाणं विकत घेणाऱ्या कंपनीत मिसेस गुडलो सगळा कारभार बघायच्या. आधी त्या काही दाद देईनात. एमेट टेबलापाशी धरणं धरून बसला, तेव्हा वैतागल्या.

"अरे बाबा, कॉब-बिब कुणी नाही. तुझ्या ओपलने लिहिलंय ते. नाव फोडू नका म्हणून बजावलं होतं तिने."

एमेट हसतच सुटला. त्याचा जीव भांड्यात पडला होता.

"माझ्या बायकोने मला उत्तर लिहिलंय, वेंडेल!" गाडीत बसता बसता तो म्हणाला. "आणि मी खुळा तिच्यावर संशय घेत होतो."

वेंडेलचा हात किल्लीवरच थांबला. "ओपलने?"

"तर! मला वाटायचं, हिला माझ्या गाण्यांचं काही कौतुकच नाही."

"शेवटचं कडवं काय आहे त्याचं?"

"तू ऐकलं नाहीस?"

"शेवटपर्यंत ऐकवेना मला."

"'आता फाटकापाशी थांबू नकोस, मीच निघून येते.' बघ काय लिहिलंय! इतक्या वर्षांत तोंडाने कधी गोड बोलली नाही बया."

वेंडेलने गाडी अशी पळवली, की एमेटला दार धरून बसावं लागलं. वाटेत एमेटने हट्टाने फुलं घेतली. घरापाशी वेंडेल खाली उतरला नाही. त्याने इंजिनही बंद केलं नाही.

दार ओपलनेच उघडलं. अंगात कोट, हातात बॅग.

"मला सगळं कळलं, राणी," एमेट फुलं पुढे करत म्हणाला.

"हो, गुडलोबाईंचा फोन आला होता. बरं झालं, सांगायचे कष्ट वाचले माझे." तिने त्याच्या खांद्यावरून रस्त्याकडे पाहिलं. "गाडीत वेंडेलच आहे ना?"