‘नाही’नंतरचं पान

२००७ साल. कपाशीनं कोणालाच हात दिला नव्हता, आणि बाळापूरकडच्या घरांनी पोरींची लग्नं सामूहिक सोहळ्यावर सोडली होती. त्या वर्षी सोहळ्याच्या देणगीदारानं अट घातली, मुलीनं आपली संमती स्वतः संगणकावर नोंदवावी. फॉर्मच्या खाली दोन बटनं होती, ‘हो’ आणि ‘नाही’.

माधवीनं ‘नाही’ दाबलं.

पडद्यावर झेंडूचं तोरण उमटलं. ‘वधूची संमती मिळाली. अभिनंदन.’

ती बघत राहिली. मागं जाऊन तिनं पुन्हा ‘नाही’ दाबलं. पुन्हा तोरण.

“पाह्य,” शेजारी बसलेली मैनाबाई मावशी म्हणाली, “मशीनले बी समजते. पातूरचं घर चांगलं हाये. उठ आता.”

“पण म्या ‘नाही’ दाबलं, मावशी.”

“घाबरली अशीन. बोट सरकते.”

माधवीला क्षणभर तेच खरं वाटलं. नर्सिंगचं शेवटचं वर्ष उरलं होतं, आणि लग्नानंतर शिकवणार नाही असं पातूरच्यांनी तोंडावर सांगितलं होतं. घरून निघताना तिचं सगळं पक्कं होतं. आता आपल्याच बोटाचा भरवसा वाटेना.

हा फॉर्म ‘जावा’ या संगणकाच्या भाषेत लिहिणारी अकोल्याची नाजिया दारात उभी होती. तिनं माउस हातात घेतला, ‘नाही’ दाबलं. तोरण.

“ऐसा कैसा?” ती पुटपुटली आणि कोड उघडून बसली.

सोहळा समितीचे देवमनभाऊ आत डोकावले. “काहून थांबल्या? बाहेर पोरी उभ्या हायेत.”

“भाऊ, दोन्ही बटनं एकाच जागी जाऊन राहिली. फॉर्म आला की संमती आली, असं मी लिहिलं. कोणत्या बटनानं आला, हे विचारलंच नाही.”

“मंग तपासलं नोयतं का?”

“तपासलं ना. दर वेळी ‘हो’ दाबून.” तिनं मान वर केली. “तुमीबी तेच दाबलं होतं.”

देवमनभाऊ खुर्चीत बसले. “पत्रिका छापून आल्या. इथवर येऊन ‘नाही’ कोण म्हणते, बाई?”

नाजियानं दोन्ही बटनांना वेगळी नावं दिली, कोणतं दाबलं ते विचारणाऱ्या ओळी घातल्या. “दाब आता,” ती माधवीला म्हणाली.

या वेळी पडदा पांढरा झाला, आणि पांढराच राहिला.

“आता काय झालं वो?” मावशीनं विचारलं.

“‘नाही’ पोचलं. पण त्याच्या पुढचं पान मी बनवलंच नव्हतं.” नाजिया माधवीकडं वळली. “काय लिहू तिथं?”

कोऱ्या पडद्याकडं बघत माधवी हळूच म्हणाली, “‘ऐकलं’ असं लिहा.”

माधवी पुढं तिवशाला नर्स झाली. मैनाबाई शेवटपर्यंत सांगत राहिली की त्या दिवशी मशीन बिघडलं होतं. नाजिया अमरावतीला जावा शिकवते, आणि फॉर्म आला की पोरांना आधी ‘नाही’ दाबायला लावते. देवमनभाऊंनी पुढच्या वर्षीही सोहळा केला. फॉर्म तोच होता, ‘नाही’चं बटन तेवढं काढलेलं होतं.

‘ऐकलं’ लिहिलेलं पान संगणकात तसंच राहिलं. तिथं जायला वाट नव्हती.