आसिफने न पाहिलेला ठोसा

भर दुपारी दुकानात धुकं भरलं होतं. पिंजण्याचं यंत्र घरघरत होतं आणि कापसाचे तंतू उन्हाच्या तिरिपेत तरंगत होते, खाली यायचं विसरल्यासारखे. बाहेर उंब्रजच्या रस्त्यावर कालच्या विसर्जनाचा गुलाल अजून तसाच पडला होता. गोमटेशच्या बुटांनी तो थेट गाद्यांपर्यंत आणला. त्याच्या हातात आईने दिलेला खोबऱ्याच्या वड्यांचा डबा होता.

धुक्यापलीकडे आसिफ मांडी घालून गादीला टाके घालत होता. प्रत्येक टाक्याआधी तो मान डावीकडे वळवायचा, उजव्या डोळ्याने जागा बघायचा आणि मगच सुई खुपसायचा. ते पाहून गोमटेशला वाटलं, आल्या पावली परत फिरावं.

"कोन हाय?" यंत्रापाशी उभ्या असलेल्या चांदसाहेबांनी विचारलं. ते आसिफचे वडील.

"मी गोमटेश, चाचा. सांगलीचा."

चांदसाहेबांनी यंत्र बंद केलं. नाव घरात सगळ्यांना पाठ होतं. गेल्या डिसेंबरात राज्य स्पर्धेच्या अंतिम लढतीत याच पोराचा उजवा हात आसिफच्या डाव्या डोळ्यावर बसला होता. आतला पडदा सुटला, आणि डॉक्टरांनी बॉक्सिंग कायमचं बंद केलं. चांदसाहेब गोमटेशला बस म्हणाले नाहीत.

आज क्षमावणी होती. वर्षभरात कळत-नकळत ज्यांना दुखावलं त्यांची माफी मागायची, असा जैनांचा दिवस. गोमटेशचं सकाळपासून मोबाइलवरून दोनशे जणांना 'उत्तम क्षमा' पाठवून झालं होतं. त्यातल्या एकाच्याही केसाला त्याने कधी धक्का लावला नव्हता. शेवटी आईच म्हणाली, "बाळा, ज्याची मागायची त्याची माग की रं." मग दोन एसट्या बदलून स्वारी इथे आली.

तो हात जोडायला गेला तर मध्ये डबा आला. डबा खाली ठेवून त्याने पुन्हा हात जोडले. "उत्तम क्षमा. माझ्यामुळं तुझा डोळा..."

"नियमातला पंच व्हता," आसिफ म्हणाला. "माफी कशाची मागतोस?"

"तरीबी."

आसिफने सुई गादीत खोचून ठेवली. "त्यापरीस एक सांग. कसा व्हता?"

"काय?"

"पंच. आब्बांनी बघितला, रेफ्रीनं बघितला, समदा हॉल म्हनतो लय देखना व्हता. मलाच तेवढा दिसला न्हाई गड्या. तू डावा खांदा टाकलास, आनि एकदम मी दवाखान्यात. मधलं कुनीतरी कातरून नेल्यागत झालंय."

गोमटेश सांगू लागला. खांदा, टाच, कंबर. पण शब्द कापसासारखे, मुठीत धरले की काहीच नाहीत. तो थांबला आणि भलतंच बोलून गेला.

"तवापासनं मलाबी तो मारता येत न्हाई. हात निम्म्यात थांबतोय. सोमवारी पुन्यात निवड हाय, सैन्याच्या संघाची. तिथंबी थांबला तर खेळ संपला माझा."

आसिफ हसला. "म्हंजी एका पंचात दोघं बाद! मला वाटलं, मी एकलाच."

तो उठला, कच्चे टाके घातलेली एक उशी उचलून त्याने दोन्ही हातांनी पुढे, हातभर अंतरावर धरली. "मार. त्योच."

"येडा हायस का?"

"आसिफ!" चांदसाहेब ओरडले.

"आब्बा, उशी हाय. आपल्याच दुकानातली." आणि गोमटेशला म्हणाला, "माफी मागाय आलायस न्हवं? मग दाखव मला."

गोमटेशने पवित्रा घेतला. हात निघाला आणि उशीच्या वीतभर अलीकडे थांबला, गेले नऊ महिने थांबत होता तसाच. हवेतला कापूस जरासा हलला. आसिफने मान डावीकडे वळवली आणि उजवा डोळा उशीच्या कडेवर आणून ठेवला. नदीकाठी मासा वर यायची वाट बघत बसावं तसा तो बघत बसला.

कुठेच काही आवाज नव्हता. हायवेसुद्धा लांब गेल्यासारखा वाटत होता. गोमटेशचा डावा खांदा खाली गेला. मागची टाच वळली, कंबर वळली. झोपेत कूस बदलताना आपल्याला कळत नाही, तसा हात त्याला न विचारता निघाला. वाटेतले तंतू बाजूला झाले. पोतं टेकल्यासारखा एक मऊ आवाज आला. टाके उसवले आणि उशीतला कापूस उसळून पार पत्र्यापर्यंत गेला.

मग तो हळूहळू खाली येऊ लागला. यंत्रावर, वड्यांच्या डब्यावर, तिघांच्या डोक्यावर. गोमटेश स्वतःच्या मुठीकडे बघत होता. त्याला रडू येत होतं आणि ते लपवावंसंही वाटत नव्हतं.

"दिसला?" त्याने विचारलं.

आसिफ तसाच उभा होता, रिकामी खोळ हातात धरून, भुवयांवर कापूस. त्याने मान हलवली.

"न्हाई रं. पापनी लवली."

चांदसाहेब यंत्रापासून हलले. त्यांनी ढिगातून दुसरी उशी काढली, अंगठ्याने तिची कड दाबून पाहिली आणि लेकाच्या हातात दिली.

"धर. हिची शिवन पक्की हाय."